स्टुलावर कोण होतं

इस्त्री कोटाच्या बाहीवरून फिरवता फिरवता त्याने पुन्हा विचारलं, "बरं मॅडम, ही कल्पना मुळात कोणाची?"

"आमच्या दोघांची, सर." ती आरशासमोर केस बांधत होती.

"असं कसं? आधी कुणा एकाच्याच डोक्यात आली असेल ना?"

"आमचं लग्न झालंय, सर. डोकं एकच आहे. आळीपाळीनं वापरतो."

"हे असं बोलणार आहेस आत?"

"नाही रे बाबा. आत शहाण्यासारखं सांगणार. अर्धं-अर्धं. निम्मं माझं, निम्मं त्याचं, सुरी घालून वेगळं काढता येत नाही. आता तू सांग. कल्पना कोणाची?"

"अर्धं-अर्धं."

"जोरात."

"अर्धं-अर्धं!"

"काय सकाळपासून अर्धं-अर्धं लावलंय?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "चहाचं म्हणत असाल तर तेवढंच मिळणार आहे. दूध संपलंय."

त्याने कोट झटकून तिच्या खांद्यावर धरला. कोट तिचा जुनाच होता, पण इस्त्री अशी झाली होती की दुकानदारालाही परत घ्यावासा वाटला असता. स्वतःचा शर्ट त्याने तसाच घातला. तिने तो बघितला, काढायला लावला आणि स्वतः इस्त्री केला. दोघांची मुलाखत एकाच दिवशी, एकाच संस्थेत, एकाच जागेसाठी होती.

सासूबाईंना हे काही केल्या पटत नव्हतं. जावई आणि लेक, दोघंही डॉक्टरेट. "घरात दोन दोन डॉक्टर आणि तापाची गोळी मात्र शेजारून मागून आणायची," हा त्यांचा आवडता विनोद होता, आणि पहिल्या काही वर्षांत तो खरंच विनोद वाटायचा. आता त्या चहाचे कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एका खुर्चीसाठी दोघांनी कशाला धावायचं? एकानं धावा, एकानं टाळ्या वाजवा."

"टाळ्या कुणी वाजवायच्या तेच ठरेना, आई," तो म्हणाला. "म्हणून दोघं धावतोय."

यात गंमत फारशी नव्हती. त्यांच्या विषयातली जागा निघणं म्हणजे उंबराचं फूल. या जागेला वयाची अट होती, आणि दोघांचंही त्या अटीत बसण्याचं हे शेवटचं वर्ष. ही गेली की अर्ज करायलाही कुठे काही उरणार नव्हतं.

विषय तसा सांगायला सोपा होता. भिंगरी नावाचा एवढासा पक्षी. ओल्या चिखलाच्या गोळ्या चोचीतून आणून पुलाखाली वाटीसारखं घरटं बांधतो. दरवर्षी नवं बांधत नाही, जुन्यावरच चिखलाचा नवा हात फिरवतो. म्हणजे जुन्या घरट्याच्या भिंतीत वर्षावर वर्ष चढलेलं असतं. ती भिंत नीट कापता आली, तर नदीच्या चिखलात कुठल्या वर्षी कसलं विष आलं ते वाचता येतं. आता या पक्ष्याच्या घरासाठी दोन माणसांनी स्वतःचं घर कसं टांगणीला लावलं, ते मात्र सांगायला इतकं सोपं नाही.

कल्पना सुचली ती याच घरात. नुकतं लग्न झालेलं, भाड्याची जागा, आणि रंगाऱ्याला बोलवायची ऐपत नाही. ती स्टुलावर चढून छताजवळचा भाग रंगवत होती. तो खाली बसून भिंतीचे पोपडे काढत होता, तेही घरातल्या उलथण्याने, कारण खरवडायचा पत्रा आणायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. उंची त्याची ताडमाड, तेव्हा खरं तर स्टुलावर त्यानं असायला हवं. पण स्टुलावर चढलं की त्याला गरगरायचं. घरातला प्रत्येक बल्ब तीच बदलायची. "उंटाला उंचीची भीती," असं सासूबाई म्हणत.

पांढऱ्या रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली कुणा हौशी माणसाचा गुलाबी. तो खरवडता खरवडता थांबला.

"अगं, या घरात आपल्या आधी निळे लोक राहत होते. त्यांच्या आधी हिरवे."

"मग?"

"घरट्यालासुद्धा असेच थर असतील ना?"

तिचा ब्रश हवेतच राहिला. रंग कोपरापर्यंत ओघळला. "परत बोल," ती म्हणाली. तो परत बोलला. ती स्टुलावरून उतरली, आणि रंगाने भरलेल्या हातांनी तिने त्याचे दोन्ही कान धरले. बराच वेळ धरून ठेवले. तेवढा पोपडा त्यांनी रंगवलाच नाही. तो अजून भिंतीवर होता, आणि वाकलेलं उलथणं रंगाच्या रिकाम्या डब्यात.

तर कल्पना त्याची. पण कल्पना म्हणजे काय, एक दुपार. पुढची वर्षं तिची होती. वाळलेलं घरटं कापायला जावं तर त्याचा भुगा व्हायचा. मेणात बुडवून, गार करून, बारीक तारेनं कापायची युक्ती तिने शोधली, आणि ती शोधताना बोटं इतक्यांदा पोळली की टोकांची कातडी जाड झाली. रात्रीची भांडी हीच त्यांची बैठक असायची. जो धुणार तो बोलणार, जो पुसणार तो ऐकणार, असा घरचा कायदा. दुसरा कायदा, कुणी विचारलं की काम कोणाचं, तर दोघांचं. याला कधी अपवाद झाला नव्हता.

जग मात्र हा कायदा पाळत नव्हतं. परिषदेत ती तासभर बोलायची, आणि खाली उतरल्यावर कुणीतरी विचारायचं, "सर नाही आले?" कॉलेजच्या प्राचार्यांनी तर तिचा निबंध वाचून, "मिस्टरांनी छान लिहून दिलाय हं," अशी शाबासकी दिली होती. त्या दिवशी तिनं भांडी अशी घासली की एका कपाचा कान तुटला. तो प्रत्येक वेळी "आमचं, आमच्या दोघांचं" अशी दुरुस्ती करायचा. लोक मान डोलवायचे. त्याला आणखी एक गुण चिकटायचा, की बघा, बायकोला किती मान देतो.

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती तीन कॉलेजांत तासाच्या हिशेबानं शिकवायची. सुट्टी लागली की जगाला आनंद व्हायचा, हिचे पैसे बंद व्हायचे. त्याला सगळीकडून एकच उत्तर मिळत गेलं, तुम्ही फार शिकलात, इथे टिकणार नाही. शेवटी पार्सलच्या गोदामात त्यानं शिक्षण बारावी सांगितलं. खोटं नव्हतं. बारावी तो झालाच होता, पुढचं सांगितलं नाही इतकंच. ती नोकरी मात्र लगेच मिळाली. मूल नोकरी लागल्यावर, असं दोघांनी ठरवलं होतं. नोकरी लागली नाही, आणि वय काही थांबलं नाही. त्याबद्दल भांडी धुताना कुणीच बोलायचं नाही.

---

संस्थेच्या बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले. आधीचे दोन उमेदवार आत जाऊन पडलेल्या चेहऱ्यांनी परतले होते. शिपायानं दार उघडून सांगितलं, "मॅडमना बोलावलंय."

तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. उठली, कोट खाली ओढला, दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"अर्धं-अर्धं," तो म्हणाला.

"माहितेय रे."

दार बंद झालं. तो बाटलीचं झाकण उघडत बसला, लावत बसला. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा तिचा आवाज चढल्यासारखा वाटला, पण तो तिचाच होता की कुणाचा, सांगता येत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा तिचे गाल ताप आल्यासारखे लाल होते. तिने बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली.

"काय विचारलं?"

"सगळं. मेण, तार, नदी, सगळं."

"आणि ते?"

"तेही."

"मग?"

"ठरल्याप्रमाणे सांगितलं." ती बाटलीकडे बघत म्हणाली. "जा, तुला बोलावतायत."

आत पाच माणसं होती. मधले अध्यक्ष मऊ आवाजाचे होते, त्यांच्या उजवीकडे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. प्रश्न येत गेले, तो उत्तरं देत गेला. आपलं बरं चाललंय हे त्याला कळत होतं. पार्सलच्या खोक्यांवर चिकटपट्टी ओढण्यात गेलेल्या वर्षांनंतरही सगळं जागच्या जागी होतं. त्यालाच थोडं रडू आल्यासारखं झालं.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्हा दोघांचं काम एकत्र आहे. आम्हाला घ्यायचंय एकाला. म्हणून स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मूळ कल्पना कोणाची?"

त्याने तोंड उघडलं. 'अर्धं' ओठांवर आलेलंच होतं.

"अगदी मोकळेपणानं सांगा," अध्यक्ष पुढे म्हणाले. "मॅडम बाहेर आहेत."

दोघंजण हसले. फार नाही, हलकंसं, आपल्यातल्या माणसाशी हसतात तसं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. परिषदेतलं, प्राचार्यांच्या खोलीतलं, सगळीकडचं. ही माणसं त्याला खुर्ची देऊ करत होती, आणि ती बाहेर लाल गालांनी रिकामी बाटली धरून बसली होती. 'अर्धं-अर्धं' म्हटलं तर यांनी ते कसं ऐकलं असतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बायकोला किती मान देतो म्हणाले असते, आणि खुर्ची याच्याकडे सरकवली असती.

"तिची," तो म्हणाला.

हसू थांबलं.

"म्हणजे?"

"कल्पना तिची. आम्ही घर रंगवत होतो. मी उंच, म्हणून स्टुलावर मी होतो. ती खाली बसून उलथण्यानं पोपडे काढत होती. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा. तेव्हा ती म्हणाली, घरट्याला पण असेच थर असतील." बोलताना त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सोपं गेलं. खोटं बोलायला एवढीशी अदलाबदल पुरते, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. आपण पकडले गेलो, त्याला वाटलं. मिशीवाल्यांनी पेन खाली ठेवलं.

"नक्की?"

"नक्की."

"आपण काय बोलताय ते कळतंय ना आपल्याला?"

"कळतंय, सर."

बाहेर आला तेव्हा बाकावर ती नव्हती, चहा आणायला गेली होती. तो अंगणातल्या नळावर गेला. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि शर्टाच्या बाहीनं पुसलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. आपण तिला काहीतरी दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी भारी, आणि तिला न सांगता. शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवलीसुद्धा, थोडीशी.

"पाणी येतंय का?"

मिशीवाले मागे उभे होते. त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले, इकडेतिकडे पाहिलं.

"हे मी बोलायला नको. पण राहवत नाही म्हणून सांगतो. तुम्ही फार मोठं मन दाखवलंत."

"छे, सर. जे आहे ते."

"तेच तर. आम्ही नवरा-बायकोंना नेहमी वेगवेगळं विचारतो, आणि उत्तरं कधी म्हणजे कधी जुळत नाहीत. तुमची अगदी शब्दाला शब्द जुळली. खरं सांगू? तुमच्या मिसेस आत म्हणाल्या, कल्पना माझी, तेव्हा आमचा कुणाचा विश्वास बसला नव्हता. अध्यक्षांनी तर तोंडावर म्हटलं, यजमानांचा हातभार असेलच की. तर त्या उसळल्या. म्हणाल्या, नवरा उंच, तो स्टुलावर होता, खाली मी खरवडत होते, माझ्या हातात उलथणं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं हो त्यांच्या." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आत येऊन तेच सांगितलंत, म्हणून पटलं."

ते गेले. नळ चालूच राहिला होता. तो बंद करायला त्याचा हात पुढे गेला आणि तोटीवरच राहिला.

शब्दाला शब्द. स्टूलसुद्धा. उंचीसुद्धा. त्याने जे द्यायला नेलं होतं, ते तिने आधीच घेऊन टाकलं होतं. चोरी म्हणावी तर वस्तू त्याने स्वतःच्या हातानं देऊन टाकलेली, आणि दिली म्हणावी तर ती आधीच गेलेली. मोठेपणाही हातचा गेला आणि रागाचा हक्कही. तोंडात काहीतरी कडू आलं. पाण्यानं चूळ भरली तरी ते गेलं नाही.

ती चहाचे दोन कागदी कप घेऊन आली. "कोण होते?"

"मुलाखतीतले."

तिने एक कप त्याच्यापुढे धरला. "काय म्हणाले?"

"काही नाही. पाणी येतंय का विचारलं."

"तू आत..." ती थांबली. "तुझं बरं झालं?"

"बरं झालं. चहा थंड होईल."

---

फोन चारपाच दिवसांनी आला. तिने तो उभ्यानंच घेतला आणि "हो, हो" म्हणता म्हणता खाली बसली. सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे बघून समजल्या. त्यांनी टाळीसाठी हात उचलले, मग जावयाची आठवण झाली आणि हात तसेच पदराला पुसले.

"वाजवा की, आई," तो म्हणाला. "ठरलं शेवटी, टाळ्या कुणी वाजवायच्या ते." आणि त्यानेच पहिली टाळी वाजवली. सासूबाईंना तेवढ्यानं रडू फुटलं. ती मात्र रडली नाही. फोन मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

त्या रात्री भांडी तिने धुवायला घेतली. म्हणजे बोलायची पाळी तिची. तो फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. ताटं झाली, वाट्या झाल्या. ती एक कढई घासत राहिली, ती कधीच स्वच्छ झालेली होती.

"तुला वाईट वाटलं?"

"वेडी आहेस का?"

"तू आत काय सांगितलंस? त्या प्रश्नाला?"

त्याने पेला उजेडाकडे धरला, पुसला, पुन्हा धरला. आता बोलावं. मीही तेच सांगितलं, दोघंही एकच खोटं बोललो, फिटंफाट. पण ते सांगायचं तर हेही सांगावं लागणार की तुझं खोटं मला कळलं. आणि आपण किती दिलदार ते तिच्या त्या लाल गालांवर मारल्यासारखं होणार. खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. तो रागावलेला होता. नळावरच्या त्या दुपारपासून एक क्षणही राग गेला नव्हता.

"ठरल्याप्रमाणे," तो म्हणाला. "अर्धं-अर्धं."

"हं." तिने कढई उपडी घातली. "मी पण."

पुढचे दिवस चांगल्या बातमीचे असतात तसे गेले नाहीत. ती हसायची, पण उशिरा, कुणी आठवण केल्यासारखी. रुजू होण्याचा कागद आला तो दोन दिवस टेबलावर पडून होता. एकदा ती म्हणाली, "मी नाही म्हणू का त्यांना? तुझ्यासाठी विचारते. मग ते कदाचित तुला..." तो एवढ्या जोरात "खबरदार!" म्हणाला की दोघंही दचकले. ती जेवायची नाही. त्याला ते दिसायचं आणि आत कुठेतरी बरंही वाटायचं, मग त्या बरं वाटण्याची लाज वाटायची. गोदामात खोकी उचलताना तो मनात तिच्याशी भांडायचा. एवढा भरवसा नव्हता माझ्यावर? माझ्याकडे मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का? भांडण तिथेच अडायचं. तो नंतर आत जाऊन काय बोलणार होता, हे आधी आत गेलेल्या तिला कसं कळणार? दाराआड ती एकटी होती आणि समोर ते पाच जण हसत होते. जन्मभर जी गोष्ट खरी असून कुणी मानली नाही, ती एकदा खोटी असताना तिने ठणकावून सांगितली. आणि तीसुद्धा तिच्या तोंडून पटली नाही. पटायला नवरा लागला.

हे शेवटचं जेव्हा त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याच्या हातात एक जड खोकं होतं. ते त्याने खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. राग अजून होता, पण आता तो नेमका कुणावर काढायचा ते समजेना.

---

संस्थेनं राहायला जागा दिली. घरमालकानं सांगितलं की घर सोडताना भिंती रंगवून द्यायच्या, तसं बोलणंच झालं होतं. सासूबाई भांड्यांचं एक खोकं घेऊन नव्या जागी पुढे गेल्या. ती रंग आणायला दुकानात गेली. तो रिकाम्या खोलीत एकटाच उरला.

कपाट हलवलेलं होतं. भिंतीवर तो पोपडा होता, पांढरा, निळा, हिरवा, गुलाबी. त्याने जुन्या डब्यातून वाकलेलं उलथणं काढलं. कडा खरवडून पुट्टीनं बुजवलं की झालं. जुन्या सवयीनं तो खाली बसला. उलथणं भिंतीला लावलं. पण खरवडलं नाही.

त्याने उलथणं जमिनीवर ठेवलं. कुंचा घेतला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, एक पाय वर ठेवला, भिंत धरली आणि दुसरा पाय उचलला. लगेच खोली फिरायला लागली. त्याने कपाळ भिंतीला टेकवलं, डोळे मिटले, आणि एका हातानं छताजवळच्या जळमटावर कुंचा फिरवायला लागला.

दार वाजलं. रंगाचा डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"अरे! अरे, वर काय करतोयस? उतर आधी. तुला गरगरतं."

"नाही गरगरत."

"पडशील. ऐक माझं. मी चढते ना, नेहमी मीच चढते."

"नको." त्याने भिंतीलाच तोंड लावून सांगितलं. "मी उंच. म्हणून स्टुलावर मी होतो. आत मी तसंच सांगितलंय."

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचे हादरे भिंतीतून त्याच्या कपाळाला लागले. मग पावलं जवळ आली आणि ती त्याच्या पायांशी खाली बसली. उलथणं तिथेच पडलेलं होतं. ते उचलल्याचा किंवा खरवडल्याचा आवाज आला नाही. तिने दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय घट्ट धरले.

"फिरव कुंचा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "मी धरलंय."

तो कुंचा फिरवत राहिला. खाली बघायची त्याची छाती नव्हती. स्टूल थरथरत होतं. ते त्याच्या पायांमुळे की तिच्या हातांमुळे, हे वरून कळत नव्हतं.